खिडकी राहू द्या, बाकीचं बोलू

भाऊ, नमस्कार. पुढच्या लायका एम कॅमेऱ्यात काय काय हवं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एवढे पैसे मोजून ऑटोफोकससुद्धा नाही, आणि तुम्ही मागताय काय, तर त्याच जुन्या खिडकीची डागडुजी! कंपनीनेच आता रेंजफाइंडर काढून टाकलाय. नीट फोटो हवे असतील तर सरळ मिररलेस घ्या.”

किमतीबद्दल माझा वाद नाही. ती अव्वाच्या सव्वा आहेच.

रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून हाताने फोकस जुळवायची यंत्रणा. ती काढली एका मॉडेलातून, 2025 च्या एम ईव्ही1 मधून. लेन्स त्याच, फक्त डोळा लावून बघायच्या काचेच्या खिडकीच्या (व्ह्यूफाइंडरच्या) जागी इलेक्ट्रॉनिक पडदा. मला तर हे बरंच झालं असं वाटतं. ज्यांना पडदा हवा त्यांची सोय झाली, आता उरलेल्या एमवर तो लादायची गरज नाही.

आता ऑटोफोकस. तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत या कधी. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, समोरासमोर येतात, मागून बडगे, म्हणजे कागदी पुरुष-पुतळे, “घेऊन जा गे मारबत”चा गजर, आणि पाय ठेवायला जागा नाही. माझ्या फिल्मच्या एम6 वर 35 मिमीची लेन्स, छिद्र एफ/8 वर, अंतर 3 मीटरवर लावून ठेवलेलं. साधारण 2 ते 7 मीटरमधलं सगळं चालण्याजोगं शार्प येतं. फोकस करायचाच नाही, तर तो ऑटो काय कामाचा? आणि खिडकीत फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं. डावीकडून बडग्याचा कागदी हात आत शिरतोय, हे तो फ्रेमच्या रेषेला टेकायच्या आधीच कळतं. पडद्यावर जेवढं फोटोत येणार तेवढंच दिसतं.

पण याच खिडकीत दोष आहेत, म्हणून तर लेख लिहिला. डिजिटल एम11 ला 50 ची लेन्स लावली की खिडकीत 50 च्या फ्रेमसोबत 75 च्या फ्रेमचे कोपरेही उजळतात. 35 सोबत 135, 28 सोबत 90. शिवाय फ्रेम जुळवलेली असते 2 मीटर अंतरासाठी. फोकस बदलला की ती सरकते, पण तिचा आकार बदलत नाही. त्यामुळे लांबून सीताबर्डीचा किल्ला घेतला की फोटोत ठरवल्यापेक्षा जास्तच येतं. फुजीने 2011 च्या एक्स100 पासून ऑप्टिकल खिडकीत इलेक्ट्रॉनिक रेषा दाखवल्या. तशी एकच फ्रेम, अंतराप्रमाणे लहानमोठी होणारी, लायकाने द्यावी. मधला दुहेरी प्रतिमेचा चौकोन मात्र आहे तसाच काचेचा, यांत्रिक राहू द्यावा. याला तुम्ही डागडुजी म्हणा हवं तर.

दुसरी मागणी चष्म्याची. नंबर असला तर आजही वेगळी काच विकत घेऊन खिडकीवर आटे फिरवून बसवावी लागते. चष्मा ठेवून बघायचं म्हटलं, तर 28 चे कोपरे दिसायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. ईव्ही1 मध्ये नंबर जुळवायची सोय आतच दिली आहे, मग इथे का नाही?

तिसरी जरा मोठी आहे. धक्का लागून रेंजफाइंडर किंचित सरकला, तर एम11 च्या 60 मेगापिक्सेलवर ते लगेच उघडं पडतं, आणि मग कॅमेरा दुरुस्तीला पाठवून वाट बघत बसा. एम11 प्रकाश सेन्सरवरूनच मोजतो, म्हणजे चित्र आत पोचलेलंच असतं. त्याच सेन्सरने फोकस तपासून खिडकीत एक बारीक लाल ठिपका दाखवावा. लेन्स मीच फिरवीन, कॅमेऱ्याने फक्त “झालं” म्हणावं.

सेन्सरवरची धूळ आपोआप झटकली जावी, हेही हवंच. सिमेंट रोडची कामं चाललेल्या आपल्या गावात ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

व्हिडिओ मी मागितलेला नाही, तो दुसऱ्या एका वाचकाचा आग्रह होता. 2012 च्या एममध्ये तो होता, 2017 च्या एम10 मध्ये काढला. परत नाही आणला तरी चालेल.