बॅटरीवरची खुर्ची आणि दारातल्या दोन पायऱ्या

महाराष्ट्रात वृद्धांच्या सांभाळाचा विषय निघाला की चर्चा बहुधा ठरलेल्या दोन टोकांना जाऊन थांबते. मुलांनी आईवडिलांजवळ राहून त्यांची सेवा करावी हे एक टोक, आणि ते जमत नसेल तर निदान चांगला वृद्धाश्रम पाहावा हे दुसरे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदाही बराचसा मुलांच्या कर्तव्याभोवतीच रचलेला आहे. आम्हा परदेशस्थांवर येणारा ठपकाही त्याच चर्चेतून येतो आणि त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याचे गुडघे निकामी झाले आहेत, पण बुद्धी, नजर आणि हौस शाबूत आहे, अशा माणसाला कोणाची वाट न पाहता घराबाहेर पडता येते का, हा प्रश्न या वादात मला क्वचितच ऐकू येतो.

माझी मावशी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे राहते. परिचारिका म्हणून ती इकडे आली आणि इथलीच झाली. आता तिने ऐंशी ओलांडली आहे आणि संधिवातामुळे तिला घरात वॉकर घेऊन जेमतेम चालता येते. बाहेर जाण्यासाठी मात्र तिच्याकडे बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आहे. उजव्या हाताशी असलेली छोटी दांडी पुढे ढकलली की खुर्ची चालू लागते आणि दांडी सोडली की ब्रेक आपोआप लागतो, त्यामुळे बोटांत फारसे बळ नसले तरी ती चालवता येते. मागे उलटू नये म्हणून पाठीमागे दोन लहान चाके बसवलेली आहेत. रात्री झोपताना चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशी वाचनालय, दवाखाना आणि मेथी-कोथिंबीर मिळणारे दुकान अशी फेरी निवांत होते. फुटपाथवरून जाणाऱ्या अशा वाहनांना इथे ताशी चार मैल, म्हणजे सहा किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाची मर्यादा आहे आणि त्यांना परवाना लागत नाही. रस्त्यावरही चालणारी, ताशी आठ मैलांपर्यंत जाणारी वाहने वेगळ्या वर्गात मोडतात आणि त्यांची नोंदणी करावी लागते.

खुर्ची घेतल्यावर सर्वांत मोठा बदल कोणता झाला, असे मी मावशीला विचारले. ती म्हणाली, "कुठे जायचंय आणि कशाला, हे आता मला कोणाला सांगावं लागत नाही." तिची मुलगी प्रेमळ आहे आणि गाडी घेऊन लगेच येते. पण प्रत्येक वेळी तिला फोन करायचा म्हणजे काम तेवढे महत्त्वाचे आहे हे आधी स्वतःला पटवावे लागायचे. नुसते तळ्याकाठी जाऊन बसायचे आहे, एवढ्यासाठी फोन होत नसे.

हे श्रेय एकट्या खुर्चीचे नाही. मिल्टन कीन्स हे १९६७ मध्ये घोषित झालेले नियोजित शहर आहे. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी तांबूस रंगाच्या वाटांचे मोठे जाळे असून त्या वाटा मोठ्या रस्त्यांखालून भुयारी मार्गांनी जातात. बाजारात आल्यावर चालता न येणाऱ्यांना खुर्ची किंवा स्कूटर वापरायला देणारी शॉपमोबिलिटी ही सोय ब्रिटनमध्ये प्रथम याच शहरात १९७९ मध्ये सुरू झाली. नव्याने आखलेल्या शहराशी जुन्या पेठांची तुलना करणे अन्यायाचे आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु इथल्या शेकडो वर्षांच्या जुन्या गावांतही चौकाशी फुटपाथ रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरता केलेला आढळतो, आणि ते काम जुन्याच दगडविटांत, एकेक कोपरा करत झालेले आहे.

इथे सगळे आलबेल आहे असेही नाही. निवृत्तिवेतनाचे वय उलटल्यानंतर प्रथमच अपंगत्व आले, तर मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात हिंडण्याफिरण्यासाठी वेगळी तरतूद नसते. तोच त्रास त्या वयाआधी सुरू झाला असता तर ती मिळू शकली असती. घरात थोडेफार चालू शकणाऱ्यांना सरकारी आरोग्यसेवेकडून बॅटरीची खुर्चीही सहसा मिळत नाही. दीर्घकालीन आजारामुळे विक्रीकर माफ झाला, पण खुर्ची मावशीने स्वतःच्या बचतीतून घेतली. जिच्याकडे बचत नाही, ती तिच्याच वयाची बाई खिडकीशी बसून राहते. वयावरून केलेला हा भेद मला अत्यंत अनुचित वाटतो.

आता पुण्याकडे वळतो. माझे वडील कोथरूडला राहतात. त्यांच्यासाठी आम्ही तशीच खुर्ची घेतली. भारतात आता त्या मिळतात आणि आमच्यासारख्या कुटुंबाला पैशाची अडचण नव्हती. इमारतीला लिफ्टही आहे. मात्र लिफ्टच्या दारापासून पार्किंगमध्ये उतरायला दोन पायऱ्या आहेत, प्रत्येकी साधारण पंधरा सेंटिमीटरची. अशा खुर्चीला साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतची पायरी कशीबशी चढता येते. सुरक्षित उताराचे प्रमाण एकास बारा असे धरतात, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या चढासाठी ३.६ मीटर लांबीचा उतार हवा. तेवढ्या जागेत आज दुचाक्या उभ्या राहतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा कोणी वाईट बोलले नाही. "काकांना आम्ही चौघं मिळून उचलून उतरवू, त्यात काय एवढं," असे शेजाऱ्यांनी मनापासून सांगितले आणि विषय पुढे ढकलला गेला.

त्या चौघांबद्दल मला खरोखर आदर आहे, कारण अर्ध्या रात्री हाक मारली तरी ते धावून येतील. मावशीच्या गल्लीत तसे चौघे नाहीत. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येते आणि तिचे कित्येक दिवस फोनशिवाय मानवी आवाज न ऐकता जातात. खुर्ची माणसे आणून देत नाही, हे मी इथे रोज पाहतो. तरीही, उचलून नेण्याची तयारी आणि स्वतः जाता येण्याची सोय यांपैकी एकच निवडावी लागेल असे आपण का गृहीत धरतो? उचलायला चौघे असूनही बाबा वर्तमानपत्र आणायला खाली उतरत नाहीत. एवढ्याशा कामासाठी चार माणसांना वेठीला धरणे त्यांच्या स्वभावात नाही.

आपल्या सरकारी योजनांतही हीच दृष्टी दिसते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये मिळतात. त्यात काठी, कमोडची खुर्ची किंवा गुडघ्याचा पट्टा येतो, बॅटरीची खुर्ची येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदानाची मुभा होती. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय मोलाचीच आहे. पण जो ज्येष्ठ रांगेत उभ्या असलेल्या जुन्या मित्रांना भेटायला आसुसलेला असतो, त्याच्यासाठी मतदान केंद्रापर्यंतची वाटही नीट हवी. किराणा, औषधे, आता मतदानसुद्धा, सगळे घरी आणून देण्यात आपण तरबेज झालो आहोत आणि त्या मानाने घरातून बाहेर जाण्याची वाट दुर्लक्षित राहिली आहे.

कागदावर नियमांची वाण नाही. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नसावी, हे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ मध्येच सांगितले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याखालचे सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींसारखे न राहता सक्तीचे व्हावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद आणि सपाट फुटपाथ करून दाखवले गेले, तेव्हा हे आपल्याकडे होतच नाही असे म्हणायला जागा नाही. पण बाबांना त्या रस्त्यापर्यंत पोहोचायचे तर आधी उखडलेले पेव्हर ब्लॉक, फुटपाथवर चढवलेल्या गाड्या आणि मधोमध बसवलेली विजेची पेटी पार करावी लागते.

खुर्चीची सवय लागली की उरलेसुरले चालणेही बंद होईल, ही नातेवाइकांची भीती रास्त आहे. त्याचे उत्तर मावशीच्या दिनक्रमात आहे. घरात ती हट्टाने वॉकर घेऊन चालते, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करते आणि खुर्ची फक्त बाहेरच्या अंतरासाठी वापरते. बाबांचे चालणे खुर्चीमुळे कमी झाले नाही. बाहेर जायला कारणच उरले नाही म्हणून कमी झाले.

उताराचा विषय येत्या सभेत पुन्हा घ्यावा, असा अर्ज या वेळी बाबांनी स्वतःच्या सहीने दिला आहे. सोबत ३.६ मीटरच्या उताराचा आराखडा आणि हलवाव्या लागणाऱ्या दुचाक्यांसाठी मागच्या भिंतीलगतची पर्यायी जागा जोडली आहे. खर्चातला आपला वाटाही त्यांनी देऊ केला आहे. त्याच इमारतीत सत्तरीच्या पुढचे आणखी बरेच जण राहतात आणि त्यांच्याही सह्या त्या अर्जाखाली असाव्यात, असे मला वाटते.