बटाट्याचं माहेर

भूक लागली होती आणि काहीतरी मऊ, गरम, लोणी घातलेलं हवं होतं. दारावरच्या फळीवर खडूने ‘घरच्यासारखं, स्थानिक, शाश्वत’ असं लिहिलेलं. पहिला शब्द वाचून मी आत शिरलो. उरलेल्या दोघांनी मला आत गाठलं.

वेटरने मेन्यूकार्ड दिलं नाही, तोंडीच सुरू केलं. बटाटा कुठल्या शेतातला, माती कशी, खत कुठलं. पत्रिका तेवढी जुळवायची बाकी राहिली. “आणि सर, फक्त आठ किलोमीटरवरून आलाय.”

समोर बसलेल्या गृहस्थांनी मान डोलावली. (जुन्या फळ्यांचं एकच लांबलचक टेबल, त्यामुळे अनोळखी माणसं समोरच येतात.) मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

“तुम्ही कुठून आलात?”

मी सांगितलं.

“म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर. कशाने?”

“गाडीने.”

“एकटेच?”

एकट्याने जेवायला येणं हा गुन्हा असतो हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. “बघा,” ते शेजारच्या बाईंना म्हणाले, “बटाट्यापेक्षा हे लांबून आलेत.”

आता यावर माझ्याकडे उत्तर होतं. २००८ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तिथल्या घरगुती अन्नाचा हिशेब मांडला होता. त्यामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के, आणि माल दुकानापर्यंत आणण्याच्या शेवटच्या टप्प्याचा जेमतेम ४. खरा भार पिकवण्यात, त्यातही मांस आणि दुधदुभत्यात. पण हे बोलायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, “चावताना बोलू नका.” मी चावत नव्हतो. जेवण यायचं होतं.

ते येईपर्यंत फोनवर या स्थानिक जेवणाच्या चळवळीचा इतिहास वाचून काढला. १९८६ मध्ये रोमच्या प्रसिद्ध पायऱ्यांजवळ एक बर्गरचं दुकान निघालं, तेव्हा निषेध म्हणून कार्लो पेत्रिनी (पुढे ‘स्लो फूड’ चळवळ उभी करणारे) आणि मंडळींनी लोकांना पास्ता वाटला. अशा आंदोलनात मी आनंदाने सामील झालो असतो. तिथे निदान वाढत तरी होते.

जेवणाची वाट बघून शेवटी कॉफी मागवली. कॉफीचं झाड उष्ण कटिबंध सोडून फारसं कुठे रमत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारलं, “ही पण स्थानिक का?”

“भाजणं स्थानिक आहे, सर.”

गृहस्थांनी पुन्हा मान डोलावली. तिथे त्यांना किलोमीटर आठवले नाहीत.

जेवण आलं. बटाटा उत्तम होता, हे लिहिताना माझा जीव जळतोय. अर्धा मी मुलीसाठी ठेवला आणि बांधून द्यायला सांगितलं.

“आम्ही पॅकिंग ठेवत नाही, सर. कचरा होतो.”

“मग याचं काय करता?”

“कंपोस्ट.”

म्हणजे डबा वाचवायला जेवण फेकायचं! संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के हॉटेलं, खाणावळी, कँटीन यांच्याकडून. घरांच्या वाट्याबद्दल मला रोज कोणीतरी ऐकवतं. या २८ टक्क्यांना कोण ऐकवणार? नियम यांचे, पुण्य यांचं, आणि डबा मी आणायचा. तोही दारावर कुठे लिहिलेलं नसताना.

“थांबा, वाया घालवू नका,” गृहस्थ म्हणाले आणि पिशवीतून त्यांनी चकचकीत डबा काढला. मला भरून आलं. एवढा वेळ या माणसाबद्दल काय काय मनात आणलं! त्यांनी स्वतःच्या चमच्याने माझ्या ताटलीतला बटाटा निगुतीने डब्यात भरला, कडेचं लोणीही निपटून घेतलं, झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या पिशवीत ठेवला.

“रात्रीचं झालं माझं,” ते म्हणाले. “बरं, तुम्ही परत जाताना मला वाटेत सोडाल का? तेवढंच एकट्याने गाडी नेल्याचं पाप कमी.”

सोडलं. अख्ख्या रस्त्यात गाडीभर लोण्याचा वास होता, आणि ते मला टायरमध्ये हवा कमी असल्याचं सांगत होते.