"टॅब कोण दाबतं?" म्हणणाऱ्यांसाठी

फ्रंटएंडवाल्यांमध्ये (वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बनवणारे) एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे फोकसची ती चौकट (कीबोर्डवरची टॅब की दाबत गेलं की आपण कशावर आहोत ते दाखवणारी) घाण दिसते, आउटलाइन नन करून टाका, म्हणजे काढूनच टाका, कारण टॅब फक्त ज्यांना दिसत नाही ते लोक वापरतात आणि त्यांना चौकट दिसतच नाही. डिव्हला (पेजवरचा साधा डबा) टॅबइंडेक्स (टॅबच्या क्रमातला आकडा) दिला की त्याचं बटण होतं. आणि पॉपअप समोर आला की फोकस आपोआप त्यात जातो. चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

घाण दिसते म्हणताय ना, मग सीएसएसमधलं (पेजची सजावट ठरवणारा कोड) फोकस-व्हिजिबल वापरा की. माऊसनं बटण क्लिक केलं तर चौकट येत नाही, टॅबनं आलात तर येते. सफारीत 2022 ला आलं, क्रोम-फायरफॉक्समध्ये त्याच्याही आधीपासून आहे. आता बहाणा उरला नाही.

दुसरा मुद्दा तर उलटाच आहे. चौकट लागते ती ज्यांना दिसतं त्यांनाच! हात थरथरतो, मनगट दुखतं, किंवा दिवसभर फॉर्म भरायचं काम आहे, असे सगळे टॅबवरच चालतात. चौकट काढून बघा एकदा, टॅब टॅब टॅब करत जायचं, आपण 'सेव्ह'वर आहोत का शेजारच्या 'डिलीट'वर काही पत्ता नाही, आणि एंटर दाबायचा. डब्ल्यूसीएजीमध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची जागतिक नियमावली) फोकस दिसलाच पाहिजे हा नियम 2008 पासून आहे, डबल ए म्हणजे मधल्या लेव्हलला.

टॅबइंडेक्सनं डिव्हवर फोकस येतो, बास, एवढंच. खऱ्या बटणाला एंटर आणि स्पेस दोन्ही फुकटात मिळतात, डिव्हवर एंटरनं काही होत नाही आणि स्पेस दाबला की पेजच खाली सरकतं. (आणि टॅबइंडेक्स 5, 6, 7 देणारे पण भेटतात, ते आकडे शून्यवाल्यांच्या, म्हणजे पेजच्या नेहमीच्या क्रमानं येणाऱ्यांच्या, आधी धावतात, सगळा क्रम बोंबलतो.)

पॉपअपचं म्हणाल तर, नुसता झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसणार तो आकडा) वाढवलेला डिव्ह डोळ्यांना समोर दिसतो, फोकस मात्र मागच्या बटणावरच बसलेला असतो, एंटर दाबला की मागचंच बटण परत दाबलं जातं. एचटीएमएलमधला तयार डायलॉग टॅग घ्या आणि तो शो-मोडल या कमांडनं उघडा, मग फोकस आत जातो, मागचं पेज निष्क्रिय होतं, एस्केपनं बंद होतो आणि फोकस जिथे होता तिथे परत येतो. नुसतं शो वापरलंत तर मागचं पेज चालूच राहतं, इथे बरेच जण फसतात.

पण म्हणून प्रत्येक पॉपअपला फोकस द्यायचा असंही नाही हां. माणूस टाईप करतोय, मधेच डायलॉग टपकला, दोन शब्दांमधला स्पेस थेट 'ओके'वर पडला, आणि कशाला हो म्हटलं हे त्यालाही माहीत नाही. याच त्रासापायी विंडोजनं 98 आणि 2000 पासून मागच्या प्रोग्रामला स्वतःहून पुढे घुसायला आडकाठी केली, टास्कबारवरचं बटण लुकलुकतं ते त्यामुळेच. वेबवर पण तेच करा, युजरनं उघडलेल्या डायलॉगला फोकस द्या, आपणहून आलेली सूचना कोपऱ्यात दाखवा आणि स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लाइव्ह रीजनमध्ये टाका, म्हणजे फोकस न हलवता ती वाचली जाते.