फॅमिली कोठे शे?

लग्नाचा वाढदिवस, म्हणून परवा आम्ही दोघंच शेवभाजी खायला निघालो. पोरं सासूबाईंच्या हवाली केली, मोठ्याला आइस्क्रीमची लाच दिली आणि धाकटीचा डोळा लागल्याबरोबर चपला हातात घेऊन जिना उतरलो. आमचं बघून-सवरून झालेलं लग्न. लग्नाआधीसुद्धा इतक्या चोरून कुठे गेलो नव्हतो.

धुळ्यात नवरा-बायकोनं एकांत शोधावा कुठे? उन्हाळ्यात पारा 43-44 वर गेला की अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. शेजारच्या काकांनी कूस बदललेली मला कळते, म्हणजे माझीही त्यांना कळत असणारच. थंडीत दोन्ही पोरं मधे. राहता राहिला पावसाळा, तर तेव्हा धाकटीचं नाक वाहतं.

तर आग्रा रोडला, लळिंगच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावली. बाहेर ट्रकवाल्यांच्या बाजा, आत हिरव्या पडद्याची फॅमिली रूम. मी पडद्याला हात घालते न घालते तोच गल्ल्यावरच्या टोपीवाल्या आबांनी ह्याला हटकलं.

"ओ भाऊ, ती फॅमिली रूम शे."

"हो ना. फॅमिलीच आहे."

आबांनी आमच्या मागे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "कोठे शे?"

"ही काय. बायको."

"बायको व्हई. पन फॅमिली? पोऱ्या-सोऱ्या?"

"घरी आहेत."

"पोऱ्या घर, आनि तुम्ही दोन्ही आठे? काय काम काढं?"

ह्यावर उत्तर काय द्यायचं? ह्यानं माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. आबा म्हणाले, "मंगळसूत्र काय, बजारमा बी भेटस."

हिंदू विवाह कायदा 1955 चा. सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं, असं त्याच्या कलम 7 मध्ये आहे. पोरांचा त्या कलमात उल्लेख नाही. पण आबांचा कायदा वेगळा होता. आणि मला अजून जे खुपतंय ते हे, की प्रश्न सगळे ह्याला आणि तपासणी सगळी माझी. गळा पाहिला, जोडवी पाहिली. ह्याच्या अंगावर लग्नाची एक खूण नाही, ढेरी सोडून. ती कुणी तपासली नाही.

शेवटी आधार कार्ड काढायला मी पर्स उपडी केली. अर्धा पार्ले-जी, तापाच्या औषधाचं टोपण, खेळण्यातल्या जेसीबीचं चाक आणि सगळ्यात शेवटी, थेट बडीशेपेच्या ताटलीत, एक डायपर. कोरा होता, एवढीच देवाची कृपा.

आबा उठून उभे राहिले. "ऱ्हाऊ द्या ताई. चला आतमा." स्वतः पडदा धरला!

आत बसलो. रस्सा काळ्या मसाल्याचा, वर तेलाचा लाल तवंग, कळण्याची भाकरी गरम. दोन वर्षांत पहिल्यांदा मी गरम भाकरी खाणार होते. ह्यानं हळूच माझा हात धरला आणि म्हणाला, "धाकटीचा डोस कधी आहे गं?"

एवढ्यात पडदा सरकला. "दोन जनसले इतली जागा काय करनी शे?" म्हणत आबांनी एक सहा जणांचं कुटुंब आमच्याच टेबलाला आणून बसवलं. सूरतला निघालेले. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा थेट माझ्या मांडीवर. मी भाकरी कुस्करून त्याला भरवत होते. हात आपोआप चालतो हो, काय करणार! त्याची आई मात्र निवांत जेवली. जेवता जेवता हळहळून म्हणाली, "तुम्हाला अजून नाही का काही? माझ्या नणंदेला अकरा वर्षांनी झालं. धीर सोडू नका."

मी तोंड उघडायच्या आत हा, तोंडात कांदा, म्हणाला, "प्रयत्न चालू आहेत."

बिलात त्या पोराची लस्सीही आबांनी आम्हालाच लावली. हा म्हणाला, जाऊ दे. मी काही जाऊ दिलेलं नाही, लस्सीचंही नाही आणि प्रयत्नांचंही.