माउली, केळं घ्या!

आमची सोसायटी हडपसरला, अगदी सोलापूर रस्त्याला लागून. एरवी हा पत्ता सांगितला की पाहुणे यायचे टळतात. पण वर्षातला एक दिवस ज्ञानोबांची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या आमच्या गेटावरून जातात. पुढे माउली दिवेघाटाची वाट धरतात, तुकोबा लोणी काळभोरची. तेव्हा यंदा सोसायटीतर्फे वारकऱ्यांची सेवा करायची, असा ठराव कमिटीने मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. तिथेच मला संशय यायला हवा होता. आमच्याकडे गच्चीच्या कुलुपावरही एकमत होत नाही.

बेत पिठलं-भाकरीचा ठरला. आचाऱ्याला विसार दिला, बेसनाची पोती आली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सहज म्हणाल्या, "पालख्या पुण्यातून निघतात त्या दिवशी योगिनी एकादशी असते ना रे?" पंचांग काढलं. होती. उपवास करून दिवेघाट चढणाऱ्या माणसांना आम्ही बेसन खाऊ घालणार होतो.

"ऐन वेळी एकादशी कशी काय आली?" अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे पाहत विचारलं. सेक्रेटरींनीही खाली पाहिलं.

मग साबुदाण्याची खिचडी. पण खिचडी म्हटल्यावर मीटिंग आली. साबुदाणा रात्री भिजवायचा की पहाटे, कूट जाडसर की बारीक, कोथिंबीर उपवासाला चालते की नाही. सोसायटीत दोन विंगा होत्याच, आता कोथिंबिरीवरून दोन पंथ झाले. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात म्हणे. ज्या दिंडीची तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते आणि मग तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतात. आमच्याकडे टाळ सगळ्यांचेच वाजत होते आणि चोप उंचावायला हात कुणाचाच मोकळा नव्हता, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. शेवटी साबुदाणा भिजवला उत्साही तरुणांनी, ड्रमभर पाण्यात. पहाटे झाकण काढलं तेव्हा आत खळ तयार होती. वारीनंतर त्यात गणपतीचं मखर आरामात चिकटलं असतं.

राहता राहिली केळी. टेम्पोभर.

सकाळी 'सेवेकरी' छापलेले टी-शर्ट घालून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. मागे बॅनर. त्यावर कमिटीचे फोटो, आणि उरलेल्या जागेत विठोबा. दिंड्या येऊ लागल्या आणि लक्षात आलं की रस्त्यावर वारकऱ्यांइतकेच सेवेकरी आहेत. कुणी पाय चेपतंय, कुणी चपला शिवून देतंय, कुणी फुकट दाढी करतंय. खायला तर पावलोपावली केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. शिवाय दिंडी कुणासाठी थांबत नाही. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा नंबर आणि जागा ठरलेली. आमच्या केळ्यासाठी तो क्रम कोण मोडणार? मग मीच केळं घेऊन दिंडीबरोबर धावू लागलो. "माउली, घ्या ना! एकच! अर्धं तरी!" एक बाबा दमलेल्या माझ्याकडे पाहून थांबले आणि झोळीतून केळं काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "खा, माउली. लई पळताय." मी पाया पडायला वाकलो, तेही वाकले. टेंगूळ अजून आहे.

एवढ्यात डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी गेटाशी आल्या. मी हर्षभरित होऊन फणीच पुढे केली.

"खायाचं रस्ताभर हाय रं लेकरा," त्या म्हणाल्या. "जायाचं कुठं?"

ठराव झाला, बॅनर झाला, टी-शर्ट झाले. हा विषय अजेंड्यावर कुणीच घेतला नव्हता. क्लबहाउसच्या बाथरूमला कुलूप, नव्या टाइल्स बसवल्यामुळे. किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार महाबळेश्वरला. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. बायकोने दार उघडलं, पाट मांडून त्यावर तुळस ठेवली आणि म्हणाली, "या आजी."

आजी बाहेर आल्या त्या सांगतच. थोड्याच वेळात आमच्या दारातून पार्किंगपर्यंत बायकांची रांग. अशी शिस्तीची रांग मी सोसायटीत पाण्याच्या टँकरलाही पाहिली नव्हती. पाटावर तुळशीवृंदावनं मावेनात म्हणून टीव्हीखालचं कपाट रिकामं झालं. कुणी बादल्या भरत होतं, कुणी ओली फरशी पुसत होतं, रांगेत अभंग सुरू होता. अध्यक्ष मोबाइल घेऊन धावत आले. "सेवेचे फोटो पाहिजेत हो, अहवालात टाकायला!" मग रांग कशाची आहे ते लक्षात आलं आणि उलट्या पावली केळ्यांकडे गेले.

माझा एक वेगळाच प्रश्न होता. पहाटेपासून मीही गेटावरच होतो.

"मावशी, जरा पुढे जाऊ द्या," मी हळूच म्हटलं. "घर आमचंच आहे."

"घाई समद्यांचीच हाय, माउली," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी गळ्यातले टाळ काढून माझ्या हातात दिले.