पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि इंग्रजी ‘शिप’

नमस्कार,

इंग्रजी ‘शिप’ (जहाज) आणि ‘शीप’ (मेंढी) यांतला फरक जिभेच्या जागेवरून समजावणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला: मराठीत ह्रस्व-दीर्घ असताना जिभेचं पुराण कशाला? ‘शिप’ला पहिली वेलांटी, ‘शीप’ला दुसरी, झालं काम. दुसरा: स्पेलिंगमधल्या शेवटच्या, न उच्चारलेल्या ‘ई’ (e) या अक्षराने आधीचा स्वर दीर्घ (‘लाँग’) होतो म्हणता, मग ‘हॅव’, ‘गिव्ह’चं काय?

दुसरा मान्य. इंग्रजी स्पेलिंग ‘व्ही’ या अक्षरावर सहसा संपू देत नाहीत, म्हणून उच्चारात काम नसतानाही मागे ‘ई’ चिकटतो. ‘फाइव्ह’मध्ये तो कामाचा, ‘गिव्ह’मध्ये नुसता शोभेचा. असे शब्द पाठच करावे लागतात. शिवाय त्या नियमातला ‘लाँग’ म्हणजे वेळेने लांब नव्हे, तर अक्षराच्या नावाचा उच्चार: ‘हॅट’चं ‘हेट’, ‘बिट’चं ‘बाइट’. लेखात हे दोन ‘दीर्घ’ एकत्र कालवले गेले होते.

पहिला मात्र मान्य नाही. ‘पूल’ म्हणा, मग ‘पुलावर’ म्हणा. उकार आखडला, पण पूल तोच राहिला. तिकीट-तिकिटाला, वकील-वकिलाला, तीच गत. मराठीत ‘इ’ आणि ‘उ’ची लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर वेगळे, पण बोलताना दोन्ही ‘दीन’च. इंग्रजीत मात्र ‘पुल’ म्हणजे ओढणं आणि ‘पूल’ म्हणजे पोहायचा तलाव. तिकीट-वकीलच्या सवयीने आपण शेवटच्या व्यंजनाआधीची वेलांटी ताणतो आणि कागदावर पहिली वेलांटी असूनही तोंडातून ‘शीप’ निघतं. ‘आय लिव्ह हिअर’चं ‘लीव्ह’ झालं, की राहणारा माणूस निघालेला वाटतो!

बरं, नुसती लांबी इंग्रजीतही फसवते. बीड (bead; जिल्हा नव्हे, मणी), बीट (beat), बिड (bid), बिट (bit) हे चार शब्द घ्या. ट, प, क, स यांच्या आधी इंग्रजी स्वर आखडतो. ड, ब, ग, झ यांच्या आधी लांबतो. त्यामुळे ‘बीट’मधला दीर्घ स्वर ‘बिड’मधल्या ह्रस्वाच्या जवळपास येतो. मग कान भेद ओळखतो कशावरून? जिभेच्या जागेवरून. म्हणून ते पुराण.

आरशासमोर ‘ई’ म्हणा. ओठ ताणलेले, जीभ टाळूजवळ, तिच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या. आवाज न तोडता ओठ आणि जबडा किंचित सैल सोडा. जीभ ‘ए’कडे उतरू लागेल; तिला अर्ध्या वाटेवर थांबवा. हा ‘शिप’चा स्वर. आता तोच मुद्दाम ताणून ‘शिऽऽप’ म्हणा. इतका लांबवूनही ‘शीप’ झालं नाही, तर जमलं. झालं, तर ताणताना जीभ पुन्हा वर चढली. ‘शेप’ ऐकू आलं, तर ती जास्त उतरली.

इंग्रजी ‘पूल’ला ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल, ‘पुल’ला ढिले. बाकी कृती तीच.

‘सिटी’, ‘हॅपी’च्या शेवटच्या ‘ई’ची काळजी नको. आजचे बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकन लोकही तिथे ‘ई’च्या जवळचाच स्वर काढतात. ‘सिटी’त लक्ष द्यायचं ते पहिल्या ‘सि’कडे.