‘मशीन लावलं की मूल बोलतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ऐकू न येणाऱ्या मुलाला कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लावलं की ते आपोआप बोलतं, दोन भाषांनी गोंधळ होतो, म्हणून घरातही शाळेची कन्नडच बोला, वाचन नंतर, आधी बोलू दे, आणि मूल तीन वर्षांचं होईपर्यंत वाट बघा. यातलं एकही खरं नाही, आणि यावर विसंबलेल्या मुलांची शिकण्याची वर्षं वाया जातात.

मशीन आवाज पोचवतं. त्याचा अर्थ लावायला मेंदूला रोज शिकवावं लागतं. कुकरची शिट्टी झाली की हातातलं काम थांबवा, कानाकडे बोट करा, “ऐकलंस?” म्हणा आणि मगच कुकर दाखवा. आधी दाखवलं तर मूल डोळ्यांवरच भागवतं. टीव्ही बंद करून हाताच्या अंतरावर बसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. रोज सकाळी मुलाच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघा. काल ऐकू आलेला ‘स’ आज येत नसेल तर मशीनचा सेल आणि कानात जाणारी नळी तपासा. खानापूरच्या पावसाळ्यात नळीत पाणी धरतं, म्हणून रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

भाषेचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. कन्नड जेमतेम येणारी आई “बा, कूडु, ऊटा माडु” म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. तीच आई भाकरी थापताना मराठीत म्हणेल, “बघ बघ, फुगली! ही कुणाला देऊया? आज्जीला?” मुलाला लागतं ते हे भरभरून बोलणं. ऐकू कमी येणारी मुलंही दोन भाषा शिकतात. घरची भाषा पक्की असली की तिच्या आधारानं कन्नडही येते. हातांच्या खुणा वापरल्या तरी बोलणं अडत नाही.

वाचनाला तर थांबूच नका. ओठांवर पाय, बाय, माय सारखेच दिसतात, आणि शब्दाच्या शेवटचे ‘ला’, ‘त’, ‘वर’ कानातून निसटतात. सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेऊन आलात की संध्याकाळी वहीत डोंगर काढा. मूल म्हणेल, “आम्ही डोंगर गेलो.” तुम्ही खाली लिहा, ‘आम्ही डोंगरावर गेलो’, ‘वर’ या अक्षरांच्या खालून बोट फिरवा आणि वाक्य कानाजवळ म्हणा. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडा. कानानं न पकडलेलं अक्षर असं डोळ्यांना सापडतं.

राहिलं वाट बघणं. “त्याचे वडीलही उशिरा बोलले” हे ऐकून थांबू नका. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. बेरा चाचणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, तान्ह्या बाळाचीही होते. डोक्याला तारा चिकटवतात, बाळ झोपलेलं असतं, दुखत नाही. म्हैसूरला 1965 पासून वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, पण आधी बेळगावातच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दाखवा. बाळ भांडं पडल्यावरही दचकत नसेल तर याच आठवड्यात.